सावली कितवा?

"काहीही झालं तरी पहिला म्हण," असं मुलीने दंतवैद्याला जिन्यातच बजावलं होतं. तिचे वडील निवृत्त बॉक्सिंग कोच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चहाआधी एकच प्रश्न विचारत: आजवरच्या थोर बॉक्सरांमध्ये सावली कितवा? सावली हे त्यांच्या दैवताचं टोपणनाव. हा गडी मारण्यापेक्षा मार चुकवण्यासाठी गाजलेला, आणि त्याच्याविषयी कोणी वाकडा शब्द काढला की कोच त्या दिवशी धड जेवत नसत.

दंतवैद्य लग्नाला होकार मागायला तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेला विषय निघताच कोचना आपला दुखरा गुडघा आठवला. दुसऱ्या खेपेला टीव्हीवर महत्त्वाचा सामना निघाला. दोन्ही वेळा चहा आणि तो प्रश्न राहूनच गेला होता.

"बोला डॉक्टर, सावली कितवा?"

दंतवैद्यात तसं खोड काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त कोणी विचारलं की तो खरं सांगून बसायचा.

"पहिल्या दहात नक्की, काका."

"दहात कितवा?"

"सातवा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

"सातवा," कोच सावकाश म्हणाले. "अहो, शेवटच्या लढतीपर्यंत त्याचे सगळे दात जागेवर होते. निदान तुम्हाला तरी त्याची कदर हवी."

"दातांच्या बाबतीत पहिलाच. पण कोपऱ्यात सापडला की त्याला काही सुचायचं नाही."

"त्याला कोपऱ्यात गाठणार कोण? उठा. मला एक ठोसा मारून दाखवा."

दंतवैद्य उठला. होणाऱ्या सासऱ्याला मारावं तर लग्न मोडणार आणि न मारावं तर अपमान होणार. त्याने मध्यममार्ग म्हणून हवेत हात हलवल्यासारखं केलं.

"मी म्हातारा झालो असं सुचवताय का?" कोचनी चष्मा काढून ठेवला.

मग त्याने जरा जोर लावला. कोच डावीकडे झुकले आणि ठोसा दिव्याच्या शेडमध्ये घुसला. शेड मनगटात तशीच अडकलेली असताना त्याने दुसरा मारला. कोच खाली वाकले, ठोसा पडद्यात गेला आणि दांडीसकट पडदा डोक्यावर आला. "बघा, लागतोय का?" कोच आनंदाने ओरडले. आतून आंधळेपणाने आलेला तिसरा ठोसाही त्यांनी लीलया चुकवला. तो ठोसा भिंतीवरच्या फळीवर आदळला आणि कोचचा जुना चषक फुलदाणीला सोबत घेऊन जमिनीवर आला.

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी फुलदाणीचे तुकडे पाहिले, पडद्यातला जावई पाहिला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं खेळून? आता लग्नाचं सांगा."

"आधी हा पसारा आवरू," कोच म्हणाले आणि डावीकडे सरकले. डावीकडे मुलगी केरसुणी घेऊन उभी होती.

"तो मी आवरते, बाबा."

"माझा गुडघा जरा…"

"आत्ता वाकलात तेव्हा बरा होता," काकू एक पाऊल पुढे आल्या.

कोच उजवीकडे वळले. तिथे दंतवैद्य पडद्यातून डोकं काढायच्या खटपटीत सगळी वाट अडवून उभा होता. मागे फ्रिज होता. काकूंनी आवाज अजिबात चढवला नाही. त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या.

"पोरगी लांब जाईल म्हणून टाळताय, मला काय कळत नाही?" त्या हळूच म्हणाल्या. "दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे त्याचा."

कोचनी फ्रिजला पाठ टेकली. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "करा लग्न."

दंतवैद्याचं डोकं एकदाचं बाहेर आलं. आनंदाच्या भरात आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलायला तयार झाला. "काका, मी पुन्हा विचार केला. सावली पहिलाच."

"नको," कोच शर्ट सारखा करत म्हणाले. "कोपऱ्यात खरंच काही सुचत नाही. सातवाच ठेवा."