चार नंबरची रांग

बँकेच्या शाखेत काउंटर चार होते, पंखे सहा, बाकं दोन आणि सकाळी साडेदहाला ग्राहक एकोणीस. त्यांपैकी चार नंबरच्या काउंटरसमोर शून्य. तिथे फक्त फाटक्या नोटा बदलून मिळत. आदल्या दिवशी तिथे बसणाऱ्या बाईंकडे एकच नोट आली होती. तीही नुसती मळकी निघाली.

म्हणून मुख्य कार्यालयाचे तपासनीस वही घेऊन आले होते. बारापर्यंत रांग मोजायची, आकडा भरला नाही तर काउंटर काढायचा आणि बाईंची बदली करायची. निकालाची त्यांना इतकी खात्री होती, की सुतारालाही त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं.

बाईंचं घर सहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत त्या धावत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवून येत. बदली झाल्यावर ते कसं जमणार, याचं उत्तर त्यांना रात्रभर सापडलं नव्हतं.

सुताराने माप घ्यायला काउंटरला टेप लावला. बाईंनी त्याला अडवलं.

"मिस्त्री, कामाच्या वेळेत नाही हं. बारानंतर काय ते मोडा."

"बरं ताई, थांबतो," म्हणत तो तिथेच उभा राहिला.

पाच मिनिटांत त्याच्यामागे एक चष्मेवाला येऊन उभा राहिला, त्याच्यामागे एक आजोबा. मग इतरांना राहवेना.

"काय मिळतंय हो इथे?"

"काहीतरी असणारच. एवढे लोक काय वेडे आहेत?"

सव्वाअकराला चष्मेवाल्याचा धीर सुटला. "अहो, तुमचं आटपा की!"

"मला बारापर्यंत थांबायचंय. तुम्ही व्हा पुढे," सुतार बाजूला सरकला.

"फाटकी नोट द्या," बाई म्हणाल्या.

"माझ्या सगळ्या धडधाकट आहेत."

"मग तुमचं इथे काम नाही."

"अर्धा तास उभा आहे मी! रिकाम्या हाताने जाऊ?" चष्मेवाल्याने पाकिटातून एक नोट निवडली, शांतपणे तिचे दोन तुकडे केले आणि आत सरकवले. "आता?"

बाईंनी दोन्ही तुकड्यांवरचे नंबर जुळवले आणि नियमाप्रमाणे नवी नोट दिली.

आजोबांनी आपली नोट दातांनी फाडली. "हात थरथरतात हो," ते म्हणाले. मागे रांगभर टरटर आवाज सुरू झाला.

तपासनीस धावत आले. "बाई, एवढ्या फाटक्या नोटा आल्या कुठून?"

"ताज्या फाटल्यात, साहेब."

तपासनिसांनी वही चाळली. तिच्यात कारणाचा रकाना नव्हता. त्यांनी माणसं मोजायला घेतली, पण लोक पुढे सरकत होते. तीनदा आकडा चुकला. शेवटी त्यांनी सुताराकडून टेप मागून घेतला.

बाराला बाई खिडकी लावून घरी गेल्या. परतल्या तेव्हा वहीतलं पान त्यांच्या टेबलावर होतं.

रांगेची लांबी : एकोणसाठ फूट. सध्याचा काउंटर : चार फूट दोन इंच. सुताराला दिलेलं नवं माप : आठ फूट चार इंच.