सासऱ्याला दाखवलेला सिनेमा

“शुक्रवारी खेळ सुटेल ना, तेव्हा थिएटरातून जे हाजी बयूमी बाहेर पडतील ते वेगळेच गृहस्थ असतील! लिहून ठेव!” रऊफने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच पुसता पुसता आपल्या मित्राला, सामेहला, बजावलं.

रऊफचं बोलणं असंच, छातीठोक. स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात त्याने आजवर एकाही गिऱ्हाइकाला ‘ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही’ असं सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना सगळं शोभतं आणि सगळं शेवटी जुळून येतं, यावर त्याचा ठाम विश्वास. फक्त एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. त्याचं स्वतःचं लग्न!

म्हणजे तसं सगळं ठरलेलं होतं. दोन्ही घरांनी बसून लग्न पक्कं केल्याची फातिहा पढली होती, शैमा त्याला पसंत होती, शैमालाही तो पसंत होता. अडलं होतं ते नवऱ्या मुलाने नवरीच्या अंगावर घालायच्या सोन्यावर. फातिहाच्या दिवशी ठरल्या होत्या दोन बांगड्या आणि एक अंगठी. मग सोन्याचा भाव चढला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून शैमाचे वडील हाजी बयूमीही चढले. रऊफ त्यांच्याकडे गेला की कॉफी यायची आणि कॉफीबरोबर एक नवा दागिना निघायचा. एकदा साखळी, एकदा कानातले, मागच्या खेपेला तर कमरपट्टा!

“काका, हल्ली कमरपट्टा घालतं कोण?”

“घालायचा नसतो रे बाबा. असायचा असतो!”

रऊफने धसका घेऊन कॉफी सोडली. हाजींनी चहा मागवला, आणि चहाबरोबर पैंजण निघाले.

जिन्यात निरोप देताना शैमा मात्र डोळे खाली घालून हळूच म्हणायची, “मला काऽही नको रे. तू असलास की झालं.” एवढ्यावर रऊफ तीन मजले तरंगत उतरायचा. मुलगी सोन्यासारखी आणि बाप सोन्यापायी वेडा, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

आणि त्याच सुमारास शहरात ‘मरहूम जरा बाहेर गेलेत’ हा सिनेमा लागला. सामेह तो दोनदा पाहून आला होता.

“अरे, तुझा सासराच आहे त्यात!” सामेह सांगत होता. “जौदत बे नावाचा म्हातारा. दुप्पट करून देतो म्हणून साऱ्या गावाचे पैसे घेतो. मुलीला मागणी घालणाऱ्याकडूनही सोनं उकळतो. लोक दारावर आले की मेल्याचं सोंग घेतो, आणि सोनं घेऊन स्वतःच्याच खोलीवजा थडग्यात जाऊन बसतो. शेवटी दार बाहेरून अडकतं! लोक हसून हसून लोळतात.”

रऊफच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाजींसमोर हा आरसा धरायचा! लाजेनं पाणी पाणी होतील. बाहेर येऊन मान खाली घालून म्हणतील, ‘बेटा, दोन बांगड्या आणि अंगठी पुरे.’ ही मान खाली घालण्याची जागासुद्धा रऊफने ठरवून ठेवली होती, तिकीटखिडकीजवळ.

शुक्रवारच्या नमाजानंतर तो थिएटरपाशी दोन तिकिटं खिशात घालून उभा राहिला. इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात एका माणसाला बोलावलं आणि एकच माणूस आला असं कधी घडलंय का? हाजी आले. मागोमाग शैमा आणि तिची आई. दोन काका, काकू, त्यांची पोरंटोरं. आणि सगळ्यांत शेवटी नफीसा आत्या, काखेत द्राक्षाच्या पानांच्या भरलेल्या गुंडाळ्यांचा मोठा डबा घेऊन.

“जावई सिनेमा दाखवतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?” आत्या म्हणाली. “माणूस दुखावतो!”

दुखावलेल्या माणसाने एक अख्खी रांग विकत घेतली.

अंधार झाला. पडद्यावर जौदत बे अवतरला आणि पहिल्याच प्रसंगात त्याने एका विधवेचे पैसे हसत हसत खिशात घातले. पुढच्या रांगेतला एक माणूस ताडकन उठला.

“बाई, देऊ नका! माझेही असेच गेले! वासरं घेऊन देतो म्हणाला होता!”

“खाली बस रे, तुझी वासरं दिसत नाहीत, पडदा दिसू दे!” मागून कुणीतरी ओरडलं.

रऊफ पडद्याकडे बघतच नव्हता. तो हाजींच्या चेहऱ्याकडे टक लावून बसला होता. चेहऱ्यावर अजून लाजेचा मागमूस नव्हता. ते मन लावून भोपळ्याच्या बिया फोडत होते.

मग तो प्रसंग आला. मागणी घालायला आलेला मुलगा खुर्चीच्या टोकावर बसलाय, आणि जौदत बे मुलीला चक्क धान्याच्या काट्यावर उभी करतो! “जेवढे किलो भरेल तेवढे ग्रॅम सोनं!” थिएटर हास्याने हादरलं. बाल्कनीतल्या सड्याफटिंगांनी शिट्ट्या मारल्या. खालच्या रांगांतले बाप मात्र टाळ्या वाजवायला लागले.

“मुलगी देऊन टाक रे!” वरून आरोळी.

“आधी सोनं आणा, मग बोला!” खालून उत्तर.

“म्हाताऱ्या, लाज नाही वाटत?”

“तुला मुलगी होऊ दे, मग सांगू लाज!”

पडद्यावरच्या मुलाने मान खाली घालून कबूल केलं. रऊफला राहवलं नाही. महिनोन्महिन्यांच्या कॉफ्या एकदम घशाशी आल्या. तो उठला आणि मूठ वळून बेंबीच्या देठापासून ओरडला, “अरे, तू बाप आहेस की सोनार? विकायला काढली आहेस काय मुलगी?”

बाल्कनीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि नेमके त्याच क्षणी मध्यंतराचे दिवे लागले.

रऊफ मूठ वर करून उभा. साऱ्या थिएटरचे डोळे त्याच्यावर. शेजारी हाजी बयूमी, तोंडाशी नेलेली बी तिथेच धरून.

“कुणाला म्हणालास?” हाजींनी शांतपणे विचारलं.

“त्याला! त्या जौदतला, काका! दुसऱ्या कुणाला?”

“हं.” हाजींनी बी फोडली. “पण डोकं आहे हो त्या माणसाला! किलोला ग्रॅम. भाव चढो की उतरो, हिशेब एकदम सरळ. नाही तर आपण बसलोय साखळी, पैंजण, कमरपट्टा करत!”

रऊफने वर केलेली मूठ हळूच खाली घेतली. नफीसा आत्याने मान वाकडी करून शैमाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शैमा अंगापिंडाने चांगली भरलेली होती, आणि तेच तर रऊफला आवडायचं! मध्यंतरापर्यंत आवडायचं.

“आपल्या हलव्याच्या दुकानात काटा आहेच,” आत्या म्हणाली. “साखरेची पोती तोलतो तो.”

तिने डबा उघडला. शैमाने एक गुंडाळी उचलली, मग दुसरी. तिसरी तोंडाशी गेली तेव्हा रऊफने तिचं मनगट धरलं.

“शैमा, पुरे!”

“काय पुरे?”

“आता खाऊ नकोस. तुझ्या हाता-पाया पडतो!”

अख्खी रांग त्याच्याकडे वळली. पुढच्या रांगेतला वासरंवालासुद्धा मागे वळला.

“माझ्या घासावर डोळा?” शैमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अजून लग्न नाही झालं, आणि माझं खाणं काढतोस?”

“तसं नाही गं, मी किलोच्या दृष्टीने…”

“किलोच्या?” आता आत्या उभी राहिली. “अहो ऐका, हा पोरीला जाड म्हणतोय!”

मघाशी टाळ्या वाजवणारी बाल्कनी क्षणात उलटली. “खाऊ दे तिला!” “चिक्कू कुठला!” रऊफच्या डोक्यावर शेंगांची टरफलं पडली. शैमाने त्याच्याकडे बघत बघत तिसरी गुंडाळी खाल्ली, आणि मग चौथी. रऊफला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तरार्धात जौदत बे मेल्याचं सोंग घेऊन पडला. हा खोटं मेलाय हे सगळ्यांना ठाऊक, तरी नफीसा आत्या हुंदके देऊन रडली. कफनवाल्याने जास्त पैसे सांगितले तेव्हा मरहूमाने तिरडीवरून एक डोळा उघडून घासाघीस केली, आणि थिएटर पुन्हा लोळलं. शेवटी थडग्याचं दार अडकलं. आत सोन्याचा ढीग आणि त्यावर बसलेला म्हातारा. रऊफने चोरून पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हाजी बयूमींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं!

तिकीटखिडकीजवळ, अगदी ठरवलेल्या जागी, हाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बेटा, आज माझे डोळे उघडले.”

“बोला काका, मोकळेपणाने बोला!”

“सगळं सोनं थडग्यात गेलं. आणि ती पोर? हातात एक बांगडीसुद्धा नाही! बापाने तिच्या अंगावर घातलं असतं तर वाचलं नसतं का? ही चूक मी नाही करायचा. किलोला ग्रॅम, आणि सगळं शैमाच्याच अंगावर! पुढच्या शुक्रवारी दुकानात ये.”

त्या आठवड्यात रऊफ रोज शैमाला फोन करायचा. ती उचलायची नाही. सामेह मात्र बातम्या आणायचा: सकाळी मलई आणि मध, दुपारी बदक, संध्याकाळी बापाच्याच दुकानातला तिळाचा हलवा.

“जबरदस्तीने भरवत असतील रे तिला!” रऊफ कळवळून म्हणायचा.

“असतील बुवा,” सामेह म्हणायचा. “चेहऱ्यावरून वाटत नाही.”

शुक्रवारी बदवींच्या मशिदीजवळच्या हलवा-फुटाण्याच्या त्या दुकानासमोर सिनेमाला होती त्याहून जास्त गर्दी. बाल्कनीतले सडेफटिंग हजर. वासरंवाला खुर्ची घेऊन सगळ्यांत पुढे. काटा दुकानाच्या दारात मांडलेला, जमिनीपासून चार बोटं वर लोखंडी फळी आणि मागे खांबावर मोठी तबकडी.

शैमा आली. भर ऑगस्टात लोकरीचा कोट घालून!

“तिला कणकण आहे,” आत्याने जाहीर केलं.

ती फळीवर चढली. सुई थरथरत वर गेली. रऊफने इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाचं टोक अलगद फळीखाली सरकवून वर रेटलं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण बूट काही त्याने काढला नाही. सुई उतरली. मग ती पुन्हा चढायला लागली. रऊफने जोर लावला. ती आणखी चढली! त्याने वाकून पाहिलं. फळीच्या दुसऱ्या कडेवर हाजी बयूमींची टाच होती. जावई-सासऱ्यांची नजरानजर झाली. दोघांपैकी कुणीच पाय हलवला नाही.

“पिक्चरपेक्षा हे भारी आहे!” वासरंवाला ओरडला.

“हाजी, टाच!” “ए चष्मेवाल्या, बूट!” अर्धी गर्दी इकडे, अर्धी तिकडे. फळी खालीवर व्हायला लागली, शैमाचा तोल गेला, तिने पडता पडता आत्याला धरलं, आत्याने तिचा कोट धरला, आणि कोटाचे दोन्ही खिसे टर्रकन फाटले. आतून भाजलेल्या चण्यांचा नुसता धबधबा! वरचा थर संपल्यावर पितळी वजनंसुद्धा पडली. दुकानाचीच!

रऊफने त्यातलं एक वजन उचलून पाहिलं.

“शैमा?” रऊफचा आवाज चिरका झाला. “तू तर म्हणायचीस, मला काऽही नको!”

शैमा कानापर्यंत लाल झाली. “तू घास काढलास म्हणून राग आला होता,” ती पुटपुटली. मग मान वर करून म्हणाली, “आणि सोनं काय बाबांच्या अंगावर पडणार होतं? माझ्याच ना!”

आणि तीच आधी हसली. मग रऊफ हसला, मग अख्खा बाजार. लोक हसून हसून चण्यांवर घसरायला लागले. हाजी बयूमींनी गर्दीकडे पाहिलं, आपल्या टाचेकडे पाहिलं, पायाशी पडलेल्या पितळी वजनांकडे पाहिलं. सिनेमाने जे झालं नव्हतं ते गल्लीच्या हसण्याने झालं. त्यांनी खरंच मान खाली घातली.

“दोन बांगड्या आणि अंगठी,” ते म्हणाले. “फातिहाच्या दिवशी ठरलं तसं. चणे मात्र तुझ्याकडून.”

आत्याने रऊफच्या तोंडात हलव्याचा हा एवढा खडा कोंबला. रऊफला आनंदाने रडू कोसळत होतं. तेवढ्यात त्याला दिसलं, गर्दीत एक तरुण मुलगा एका जाडजूड म्हाताऱ्याला कोपराने ढोसत होता आणि म्हणत होता, “बघितलंत ना, काका? शिकण्यासारखं आहे की नाही?”

“आहे तर!” म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि गर्दीतून वाट काढत तो थेट हाजी बयूमींपाशी आला.

“हाजी,” तो म्हणाला, “हा काटा एक दिवस उसना मिळेल का?”

त्या पोराला पळून जायला सांगावं असं रऊफला फार वाटलं. पण तोंडात हलवा होता.