माया दिसेल अशी पाटी

हाताने केलेली वस्तू हाताने केली आहे हे लांबून कळत नसेल, तर हात वापरण्यात राम नाही. सुट्टीच्या हंगामात दारावर टांगायच्या स्वस्त लाकडी पाट्यांचा धंदा या एकाच तत्त्वावर उभा आहे, आणि घराच्या मागच्या खोलीत तो काढणाऱ्या सूनबाईंना ते जरा उशिराच उमगलं.

सुरुवातीला त्या फळांच्या खोक्यांच्या फळ्या घासून चहाच्या पाण्यात बुडवत (खोक्याची फळी मुळात जुनी असते, पण ग्राहकाला हवी तशी जुनी नसते) आणि साच्याने अक्षरं रंगवत. मजकूर असा : ‘सुट्टी म्हणजे घर, घर म्हणजे आपली माणसं’. ग्राहक पाटी उलटीपालटी करून “कारखान्यातली दिसते” म्हणत आणि पुढे जात.

मग सासऱ्यांनी वेळ जात नाही म्हणून ब्रश मागितला. उभं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं होतं, पण अलीकडे हात इतका थरथरायचा की चहाही दुसऱ्याने पाजावा लागे. त्यांची अक्षरं वेडीवाकडी आली, काने आणि मात्रा नातेवाइकांसारखे एकमेकांपासून फटकून राहिले. पाट्या हातोहात खपल्या. शंभरातल्या नव्वद ग्राहकांना त्यांत माया दिसली. उरलेल्या दहांनी चष्मा आणला नव्हता.

पण मुलगा पडला गुणाचा. त्याने वडिलांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि बघता बघता हात थांबला. म्हातारबांनी स्वतः कप उचलला, थेंबही सांडला नाही. तो खाली ठेवून, सगळे बघताहेत याची खात्री करून, त्यांनी परत उचलला. सूनबाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मग त्यांनी वाळत घातलेल्या पाट्या पाहिल्या. अक्षरं ओळंबा लावल्यासारखी उभी होती.

पाट्या परत येऊ लागल्या. ‘माया कमी आहे’ अशी तक्रार होती. घरात रीतसर बैठक बोलावण्यात आली. (विषय सासऱ्यांचाच असल्याने त्यांना बोलावण्याचं कारण नव्हतं, पण ते आधीपासूनच तिथे बसले होते.)

“त्यात काय, मुद्दाम वाकडं काढतो की,” ते म्हणाले.

सूनबाई गंभीर झाल्या. “नको हो बाबा. लोक विश्वासाने घेतात आपल्याकडून. फसवणूक होईल ती.”

सचोटीचा हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे प्रामाणिक मार्ग एकच उरला. हंगाम संपेपर्यंत गोळ्या स्थगित करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मुलाने मतदानापुरतं खिडकीबाहेर पाहिलं.

“आज माझी गोळी राहिली,” दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले.

“सुट्ट्या संपल्या की घेऊ हं,” सूनबाई म्हणाल्या.

काही दिवसांतच थरथर पुन्हा कामावर रुजू झाली. सासऱ्यांनी मुकाट्याने ब्रश उचलला. कप मात्र उचलून पाहिला नाही. आता चहा सूनबाई स्वतः पाजतात, फुंकर घालून, हनुवटीखाली रुमाल धरून.

हंगाम उत्तम चालला आहे. मागणी पाहता त्याला मुदतवाढही मिळाली आहे. कुणी या घराला निर्दय म्हणेल, तर म्हणो बापडा. सूनबाईंनी तुमच्यापुढे आधी सरळ अक्षरांची पाटीच ठेवली होती. ती बाजूला सारून तुम्हीच विचारलंत, “याहून जरा वाकडी नाही का?”