न झिजलेले जस्त

बाल्कनीच्या छताचा ढलपा चहाच्या कपात पडला, त्या दिवसापासून प्राध्यापकांच्या पत्नीने बाल्कनीत बसणे सोडले आणि प्राध्यापकांशी बोलणे कमी केले. जो माणूस तीस वर्षे धातूंचा गंज शिकवतो, त्याच्याच डोक्यावर काँक्रीटमधली सळई गंजून फुगावी, हे तिला पटणारे नव्हते.

प्राध्यापकांनी इमारतीच्या समितीपुढे तीन बैठका घसा कोरडा केला. छताच्या तुळईवर जस्ताच्या पट्ट्या बसवायच्या, तारेने आतल्या सळईला जोडायच्या. मग गंज सळईला सोडून जस्ताला खातो. अध्यक्षांनी हे डोळे मिटून ऐकले आणि उघडताच मंजुरी दिली.

काही महिन्यांनी पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरली, म्हणजे गंज जस्ताला खाऊ लागला होता. प्राध्यापक हरखले. "आता खुर्ची बाहेर मांडायला हरकत नाही," असे पत्नीला सांगून ते तिच्यासह दहा दिवस मुलीकडे गेले. किल्ली अध्यक्षांकडे ठेवली. विद्वत्तेला व्यवहारज्ञान वर्ज्य असते ते असे.

परतल्यावर पाहतात तो पट्ट्या निळ्या तैलरंगात झळकत होत्या. ब्रशच्या आड येते म्हणून तार कापलेली होती.

"सर, तुमचं जस्त हलकं निघालं," अध्यक्ष आपुलकीने म्हणाले. "नुसतं खाल्लं जात होतं. वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचलं."

"अहो, ते खाल्लं जावं म्हणूनच लावलं होतं."

"असं कसं? समितीच्या वस्तूची नासाडी आम्ही उघड्या डोळ्यांनी बघायची?"

प्राध्यापकांनी पुन्हा अणूपासून सुरुवात केली. समितीने सौजन्याने तेही ऐकले आणि वार्षिक अहवालात नोंदवले: पट्ट्यांची झीज शून्य, देखभाल उत्कृष्ट. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात तुळईचा हातभर तुकडा कठड्यावर आपटून खाली उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या मोटारीवर विसावला.

तातडीची बैठक भरली. कोणीतरी जबाबदार असणे आवश्यक होते. 'देखभालप्रमुख' असे पद निर्माण करण्यात आले आणि प्राध्यापकांची त्यावरील नेमणूक गेल्या वर्षापासूनच झाली असल्याचे एकमताने ठरले.

पत्नीने ठरावाची प्रत शेवटपर्यंत वाचली. मग बाल्कनीच्या दाराला कडी घातली.

"आता कळलं मला, तुमचं ते जस्त नक्की काय करतं," ती म्हणाली. "एवढं करा. समितीशी तुम्हाला जोडणारी तार कुठेय बघा, आणि कापून या."

"ती तार समितीवाले कापू देणार नाहीत," प्राध्यापक म्हणाले. "तेवढं विज्ञान त्यांना येतं."