पडीक म्हणायचं नाही

आमच्या शेजारच्या कुमुदताईंसमोर 'पडीक' हा शब्द काढायचा नाही, हे यवतमाळातल्या आमच्या कॉलनीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. शिवी दिलेली त्यांना चालते. शिवी देणारा निदान रागावलेला तरी असतो, असं त्यांचं म्हणणं. पण कोणी एखाद्या जागेला पडीक म्हटलं, की त्याची खैर नाही.

गल्लीत नव्यानं आलेल्या एका बँक मॅनेजरांना हे माहीत नव्हतं. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवून ते म्हणाले, "पडीकच आहे ना, इथं गाडी लावत जाईन." ताईंनी त्यांना ऑफिसच्या कपड्यांतच त्या जागेत नेलं. हा तरोटा, हा आघाडा, ही गुळवेल, इकडं टिटवी अंडी घालते, तिकडं मुंगसाचं बीळ आहे, पाय जपून टाका. मॅनेजर बाहेर आले तेव्हा पँटभर कुसळं होती, हातात तरोट्याची जुडी होती आणि भाजीत लसूण किती घालायचा हे तोंडपाठ झालं होतं. गाडी ते आजही रस्त्यावरच लावतात.

ताई शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण वर्ग काही सुटला नाही. फक्त विद्यार्थी बदलले. त्यात आम्ही सगळे आलो. "गोऱ्या साहेबानं जमीन मोजली," त्या सांगायच्या. "जिच्यातून शेतसारा येईना, तिच्यापुढं पडीक लिहून टाकलं. तिथं गुरं चरत होती, बाया मोहफुलं वेचत होत्या, ते त्याले दिसलंच नाही. साहेब गेला, पण त्याची नजर आपल्या डोळ्यांत ठेवून गेला."

त्यामुळं कशावरही त्यांचा पहिला प्रश्न एकच: ही नजर कोणाची? माझ्या बायकोनं अंगणात फरशी घालायची ठरवली, तेव्हा कुंपणापलीकडून हाच प्रश्न आला आणि फरशी राहून गेली. एका लग्नात नवरदेव भर मे महिन्यात कोट घालून घामानं निथळत उभा होता. ताईंनी अक्षता टाकता टाकता त्याला विचारलं, "बाळा, ही नजर कोणाची?" तो बिचारा नवरीकडं बघायला लागला.

दर उन्हाळ्यात भीमाबाई आत्राम ताईंकडं चारोळी आणि मध घेऊन यायच्या. कळंबच्या पलीकडं टेकडीखाली कोलामांची वस्ती आहे, तिला पोड म्हणतात. भीमाबाई तिथल्या. गेल्या वर्षी मात्र त्या रिकाम्या हातानं आल्या. पोडावरचा अख्खा माळ एक कंपनी घेणार, त्यावर सूर्याच्या विजेच्या प्लेटा बसवणार आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालणार, असं त्यांनी सांगितलं. कंपनीच्या कागदात माळाला काय म्हटलंय, हे सांगताना त्या जरा अडखळल्या. त्यांनाही ताईंचा स्वभाव माहीत होता.

मी स्फोटाची वाट बघत होतो. ताई उठून आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"सूर्याशी माझं भांडण नाही," चहा झाल्यावर त्या म्हणाल्या. "शहरात छपरं कमी आहेत काय? लावा की तिथं. वीज जाईल कारखान्याले आणि कुंपण येईल पोडाले, हा कोणता हिशोब?"

पावसाळ्यात ग्रामसभा ठरली. ताईंना स्कूटरवर मागं बसवून मी घेऊन गेलो. वाटभर त्या माझ्या पाठीमागं भाषणाची तालीम करत होत्या. कंपनीचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. यात कोणाचंच नुकसान नाही, जमीन नुसती पडून आहे, उलट चार पोरांना चौकीदाराचं काम मिळेल, असं त्यानं समजावून सांगितलं. तो खाली बसला तशा ताई पदर खोचून उठल्या.

भीमाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, तुम्ही बसा. लय वर्सं आमच्याबद्दल दुसरेच बोलून राह्यले."

ताईंचा चेहरा उतरला. मी दुसरीकडं बघितलं. त्यांना असं कोणी कधी खाली बसवलं नव्हतं. खोचलेला पदर सोडून त्या बसल्या. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बरोबर बोलली."

भीमाबाईंनी भाषण केलंच नाही. आधी जेऊन घ्या म्हणाल्या. पळसाच्या पत्रावळी पडल्या. काटवलाची भाजी, बांबूच्या कोंबांची भाजी, सात्या म्हणजे पावसात उगवणाऱ्या अळंब्या, कसल्याशा आंबट पानांची चटणी, मोहफुलांचे लाडू आणि वर मध. भाकरी तेवढी शेतातली. अधिकारी मनापासून जेवला. अळंब्या त्यानं दोनदा मागून घेतल्या.

हात धुऊन तो आला, तेव्हा भीमाबाईंनी विचारलं, "साहेब, जेवण कसं झालं?"

"फार छान."

"भाकर सोडली तर हे सारं त्याच माळावरचं. मीठ तेवढं दुकानातलं. आता सांगा, कुंपण घातल्यावर आमी काय वाढू?"

त्यानं आपली रिकामी पत्रावळ उचलली. "मला हे कोणी सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाला. मिठाचं नाव निघताच ताईंच्या तोंडाशी साहेबाच्या काळातल्या मीठकराचा अख्खा धडा आला होता, हे मला शेजारी बसून कळत होतं. त्यांनी तो गिळला.

मग कुंपण नको असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. एकही हात खाली राहिला नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी दोन्ही वर केले. एकच चालतो म्हटल्यावर त्यांनी काठीचा हात नाइलाजानं खाली घेतला. ग्रामसभेनं नाही म्हटलं.

हिवाळ्यात निकाल आला. कंपनीनं प्रस्ताव मागं घेतला आणि माळ पोडाच्या वापराचा म्हणून कागदावर चढला. त्या दिवशी पोडावर ढोल वाजले. बाया हातात हात गुंफून माळावर नाचत होत्या आणि त्यांच्या मधोमध कुमुदताई, प्रत्येक पाऊल चुकवत, पण थांबायला तयार नाहीत. भीमाबाई हसत हसत त्यांना ओढून नेत होत्या. एवढं मोकळं हसताना ताईंना मी कधी पाहिलं नव्हतं.

दिवस कलायला लागला तसा मी स्कूटर काढली. तेवढ्यात भीमाबाई म्हणाल्या, बाईले आज इथंच राहू द्या, सून चूल पेटवून राह्यली.

मी ताईंकडं बघितलं. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही. यवतमाळच्या त्या तीन खोल्यांत बोलायला भिंती आणि आम्ही. निघतो म्हटलं, की फाटकाशी त्या हमखास नवा वाद उकरून काढायच्या. आम्ही घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, ताईंना वादाची फार हौस. आज त्या वाद घालतील असं मला वाटलं: औषधं घरी राहिली, दाराला साधंच कुलूप आहे, सकाळी दूधवाला येईल.

"बरं," ताई म्हणाल्या, आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.