सही, सवाल आणि महादेवबुवा

आमच्या आळीतले महादेवबुवा बोलणं संपवताना स्वतःचं नाव घेतात. भाजीवालीला "कोथिंबीर शिळी हाय, महादेव म्हने" असं सुनावून ते पुढे जातात. डॉक्टरांना सांगतात, "गुडघा दुखतो, महादेव म्हने." एकदा एटीएममधून पैसे आले नाहीत, तेव्हा त्यांनी मशीनलाही याच पद्धतीने दम भरला होता. नवीन माणसाला वाटतं, महादेव नावाचा कुणी दुसराच इसम आहे आणि हे त्याचे निरोप पोचवत फिरतात.

बुवा शक्ती-तुऱ्याचे शाहीर आहेत. या नाचात दोन पक्ष असतात, एक शक्तीचा, एक तुऱ्याचा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा आणि मधल्या वेळात एकमेकांची यथेच्छ अब्रू काढायची. शेवटच्या कडव्यात शाहिराने आपलं नाव गुंफायचं, म्हणजे गाणं कुणाचं यावर वाद नको. बुवांनी हा नियम अख्ख्या संसाराला लावला. एरवी ते महाडात पिठाची गिरण चालवतात. त्यामुळे आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित समोरच्या मेडिकलवाल्यालाही कळतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो माझ्या दारात येतो. एका संध्याकाळी बुवा मोबाईल घेऊन आले. भुवयांपर्यंत पीठ.

"वाच गो. पिक्चरवाल्यांनी पाठवलंय."

मुंबईच्या एका कंपनीला बुवांचं एक गाणं सिनेमात घ्यायचं होतं. बुवांच्या पुतण्याने ते कधीतरी यूट्यूबवर टाकलं होतं. गाणं बुवांचं, रेकॉर्डिंगही त्यांचंच. कंपनीला वापरायची लेखी परवानगी हवी होती आणि गाण्यात ज्याचा ज्याचा आवाज ऐकू येतो त्या प्रत्येकाची सही.

कलाकाराच्या नावाच्या रकान्यासाठी बुवांनी गुरू, गुरूंचे गुरू, ग्रामदेवता, नाचमंडळ आणि गाव एवढं सांगितलं.

"एवढी जागा नाही, बुवा."

"मग मोठा कागद घे."

कंपनीतल्या बाईंनी तो फॉर्म परत पाठवला आणि खाली लिहिलं, कृपया एकाच व्यक्तीचं नाव द्यावं. बुवा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गुरूंना मीच वगळलं असा त्यांचा समज झाला होता.

कोरसवाल्यांची वेगळीच तऱ्हा. हक्क देण्याचा कागद आहे म्हटल्यावर दोघांनी आधी सातबारा मागितला. मुंबईहून आलेल्या कागदावर सही केली की डोंगरावरची जमीन जाते, हा त्यांच्या घरचा अनुभव होता. "फक्त आवाज द्यायचा आहे," मी म्हटलं. त्यावर एकाची बायको म्हणाली, "आवाज घेऊन जा म्हनावं सगळा. घरात शांतता हुईल."

सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक उरली. रेकॉर्डिंगच्या शेवटी बुवांचा सवाल संपतो, समोरचे तुऱ्याचे शाहीर सखारामबुवा जवाबाची पहिली ओळ उचलतात आणि मांडवातली लाईट जाते. रेकॉर्डिंग तिथेच तुटतं.

"त्या बेडकाची सही?" बुवा म्हणाले. "त्याच्या दारात जानार नाय. महादेव म्हने."

मी धीर करून कंपनीला फोन केला. बाई म्हणाल्या, सोपं आहे, ती ओळ कापून टाकू, मग त्यांची सही लागणार नाही. मी खुशीत गिरणीवर गेले. बुवांनी गिरण बंद केली. इतकी शांतता मी तिथे पहिल्यांदाच ऐकली.

"कापायची नाय."

"पण तुम्हीच त्यांना बेडूक म्हणालात."

"बेडूकच हाय. पन सवाल ठेवून जवाब कापला तर लोक म्हनतील, महादेव पळाला. त्याची सही मिळाली तर गानं पिक्चरात जाईल. नायतर ऱ्हाऊ दे."

गाणं सिनेमात येणार हे बुवांनी पिठाच्या प्रत्येक डब्याबरोबर घरोघर पोचवलं होतं. ते एका ओळीसाठी सोडायला निघाले, हे मला समजेना. शेवटी त्यांच्या ढोलकीवाल्या किसनकाकांनी मला बाजूला घेतलं.

"सखारामबुवाच्या घशाचं आपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. तेव्हापास्नं आमच्या बुवांनी नाचाची एक सुपारी घेतली नाय. तुऱ्याची नवीन पोरं बरी गातात. पन हे सांगतात, माझा घसा बसलाय."

आत बुवा कुणाला तरी नाचणी नीट पाखडली नाही म्हणून झापत होते. आम्ही दोघांनी तो बसलेला घसा ऐकला.

रविवारी बुवा आपणहून "चल" म्हणाले आणि आम्ही दोघं एसटीने पोलादपूरला आणि तिथून रिक्षाने उमरठच्या पुढच्या एका वाडीत गेलो. वाटभर बुवा सखारामबुवांची निंदा करत होते. सखारामबुवा गळ्याला मफलर गुंडाळून पडवीत बसले होते.

"हाइस काय रं अजून?" बुवांनी अंगणातूनच विचारलं.

सखारामबुवांनी बुवांच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि गाल फुगवले. त्यांची सून पदर तोंडाला लावून हसली.

मी कागद समजावून सांगितला. सखारामबुवांनी गाणं लावायची खूण केली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली. नाही. त्यांचे ओठ हलू लागले आणि सून ते वाचून सांगू लागली.

"बाबा म्हनतात, जवाब अर्धाच हाय. पिक्चरात असाच गेला तर लोकांना वाटंल, सखारामला सुचलं नाय."

"पण लाईट गेली होती," मी म्हटलं.

"बाबा म्हनतात, ते पिक्चरात कोन सांगनार?"

मी कागद पिशवीत ठेवू लागले. बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग पुरा कर. मी बसलोय."

आणि त्यांनी सवाल गायला. हळू, शेजारच्या घरात जाणार नाही इतक्या हळू. सखारामबुवा सावरून बसले, मांडीवर थाप धरली आणि जवाब द्यायला लागले. ओठ, भुवया, एक हात वर. सून सांगायला पुढे झाली, तिला बुवांनी हातानेच थांबवलं. पडवीत फक्त थाप ऐकू येत होती आणि घशातून निघणारी थोडी हवा. बुवा मधेच मान डोलवत. एका जागी त्यांनी तोंड वाकडं केलं, बहुधा तिथे त्यांची अब्रू निघाली असावी.

थाप थांबली. बुवांनी हात जोडले.

"जवाब पुरा झाला. हरलो मी."

सखारामबुवांनी माझ्याकडे पेन मागितलं.

आम्ही एसटीने परत निघालो. महाड जवळ आलं तेव्हा मी विचारलं, "काय होता हो जवाब?"

"मला काय ठावं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला काय ओठ वाचता येतात?"

मग उतरताना म्हणाले, "पन ताल नाय सोडला त्यानं."