पाच चित्रांतला म्हातारा

गुरुवारी तपासणी होणार होती आणि मंगळवारी दुपारी तुर्गुन-अकांचा चायखाना वाचल्यात जमा झाला होता.

चोरसूच्या बाजाराकडे जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं होतं. नियम असा निघाला की दोन निरनिराळ्या शतकांतल्या चित्रांमध्ये जे दुकान त्याच जागी उभं दिसेल, ते राहील. बाकीची रस्त्यात जातील. शेजारच्या टोपीवाल्या उमरजानकडे पणजोबांच्या लग्नाचा एक फोटो निघाला. त्यात दुकान नव्हतंच, नुसते पणजोबा होते. तुर्गुन-अकांकडे तेवढंही नव्हतं. त्यांच्याकडे होती ती सून, झेबिनिसो. नवरा लांब खाणीवर कामाला होता आणि घरात संगणक एकट्या तिलाच कळत असे, त्यामुळे सात महिन्यांच्या झोहिदला कडेवर घेऊन तीन दिवस तिनंच वाचनालयाच्या खेपा घातल्या. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी पोराला मांडीवर खेळवलं आणि तेवढ्यात हिनं जुनी बाडं उपसली.

पाच चित्रं मिळाली, ती तिनं लॅपटॉपवर उतरवून आणली. सगळ्यांत जुनं खानाच्या काळातलं, कुणा परदेशी व्यापाऱ्यानं शाईनं काढलेलं. मग घोड्यांच्या ट्रामचा फोटो. मग लाल फलकांच्या दिवसांतला, मग सहासष्टच्या भूकंपानंतरचा, आणि शेवटी बाजाराचा निळा घुमट कोरा करकरीत होता तेव्हाचा. पाचही चित्रांत तोच पाण्याचा पाट, तेच वळण, आणि वळणावर चायखाना.

तुर्गुन-अकांनी आनंदानं दोन वेळा नाक शिंकरलं. मग चष्मा पुसून लॅपटॉपच्या अगदी जवळ गेले.

“पोरी, हा कोण?”

कोपऱ्यातल्या लाकडी बाजेवर एक म्हातारा बसला होता. एक गुडघा वर, हातात पियाला, पोपटासारखं नाक, डाव्या भुवईत खाच. शाईच्या चित्रात होता. ट्रामच्या फोटोत होता. लाल फलकाखाली होता. भूकंपाच्या फोटोत मागची भिंत कोसळलेली, माणसं विटा उचलताहेत, आणि हा चहा पितोय.

“गिऱ्हाईक असेल, दादाजान,” झेबिनिसो म्हणाली. सासऱ्यांना ती दादाजान म्हणत असे. म्हणताना तिचाच आवाज तिला पटला नाही.

“दोनशे वर्षं एकच गिऱ्हाईक? इतका वेळ तर उमरजानसुद्धा बसत नाही.”

सासूबाई सलोमत-ओपा आल्या, त्यांनी पाचही चित्रं एकदाच पाहिली आणि नजर उतरवायला हरमलाच्या वाळल्या पाल्याची जुडी पेटवून आणली. धुरी आधी लॅपटॉपला दिली, मग नातवाला, आणि उरलेल्या धुरात नवऱ्याला.

तुर्गुन-अकांना मात्र भीती वेगळीच होती. भुताचं काय, ते म्हणाले, दोनशे वर्षं काही केलं नाही त्यानं, आताही करणार नाही. पण तपासणीला येणार होत्या त्या रुखसोरा बख्तियोरोव्हना. गेल्या महिन्यात एका नानवाल्यानं नवा फोटो चहात बुडवून जुना करून आणला, तर बाईंनी तो नुसता नाकाशी धरला आणि विचारलं होतं, हिरवा की काळा? एकच म्हातारा पाच चित्रांत बघितल्यावर त्या काय म्हणतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुणीतरी त्याला कापून सगळीकडे चिकटवलाय, असंच म्हणतील. चित्रं खरी होती हीच अडचण होती. ती खरी वाटावीत म्हणून त्यांच्यात खोटं करणं आलं.

बुधवारी दुपारी झोहिद पाळण्यात झोपला तशी झेबिनिसो कामाला बसली. पोराची झोप म्हणजे पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. तेवढ्यात तिला पाच म्हातारे पुसायचे होते. पहिला सोपा गेला, शाईच्या चार रेघा होत्या. दुसऱ्याला वेळ लागला, कारण त्याच्या चापानवर, म्हणजे लांब अंगरख्यावर, उभे पट्टे होते आणि मागे ट्रामचं चाक. चौथ्याच्या वेळी तिला वाटलं की हा आपल्याकडेच बघतोय. रागानं नव्हे. पाळी संपून गेली आणि पुढच्या पाळीचा माणूस अजून आलेला नाही, तेव्हा कामगार दाराकडे बघतो तसा. तिनं नजर खाली घालून त्याची भुवई पुसली.

पाचवा पुसला आणि पाळण्यातून हसण्याचा आवाज आला. झोहिद जागा होता. तिकडच्या रीतीप्रमाणे पाळण्यात हातपाय बांधलेले, त्यामुळे त्याला फिरवता येत होते ते फक्त डोळे, आणि ते त्यानं खिडकीतून चायखान्याच्या कोपऱ्याकडे फिरवले होते. बाहेर बाज करकरली. तिनं उठून पाहिलं. बाजेवर कुणी नव्हतं. सकाळी ठेवलेला पियाला तेवढा होता, आणि तो रिकामा होता.

रोज सकाळी समोवारातला पहिला चहा त्या कोपऱ्यात ठेवायची घराची रीत होती. अर्धा पियाला, मानाच्या पाहुण्याला देतात तसा. तुर्गुन-अकांचे वडील ठेवत, त्यांचे वडील ठेवत. कुणासाठी, असं कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी तो थंड चहा पाटात ओतायचा. आजपर्यंत तो ओतावा लागला नाही असं कधी झालं नव्हतं. झेबिनिसोनं स्वतःला सांगितलं की चिमण्यांनी प्यायला असेल, आणि पोराला उचलून घट्ट धरलं.

गुरुवारी सकाळी ती केर काढायला गेली, तर तो बाजेवर बसला होता.

पट्ट्यांचा चापान, पोपटासारखं नाक, भुवईत खाच. जरा धूळ बसल्यासारखा दिसत होता, एवढंच. “बेटी,” तो म्हणाला, “मला जागेवरून उठवलंस. बरं केलंस. आता चहा दे.”

ती आत पळाली. तुर्गुन-अकांनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि समोवाराला हात टेकून उभे राहिले. समोवार तापलेला होता हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. दहा वाजता बाई येणार. भिंतीवर पाच चित्रं लागणार. त्यांतून पुसलेला माणूस चित्रांखालीच बसलेला. आणि जा म्हणायची सोय नाही. दारी आलेल्या पाहुण्याला उठवणारा तुर्गुन-अका अजून जन्माला यायचा होता.

“तोंडानं नाही म्हणायचं,” सलोमत-ओपा हरमल शोधत म्हणाल्या. “पियाल्यानं म्हणायचं.”

हे सगळ्यांना कळलं. अर्धा पियाला म्हणजे बसा, पुन्हा पुन्हा भरू द्या. काठोकाठ भरलेला म्हणजे हा प्या आणि निघा. तुर्गुन-अकांनी साठ वर्षांत कुणाला भरलेला पियाला दिला नव्हता. ओतताना सवयीनं त्यांचा हात अर्ध्यावरच थांबला. शेवटी झेबिनिसोनं काठापर्यंत ओतला आणि एक हात छातीशी धरून म्हाताऱ्यापुढे ठेवला.

त्यानं पियाल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. तिला इतकी लाज वाटली की पियाला परत उचलावा असं झालं. पण त्यानं तो दोन्ही हातांनी धरला होता आणि एकेक घोट घेत होता, तापानंतर पहिलं अन्न चाखावं तसा. तो संपायच्या आत दारात गाडी थांबली.

रुखसोरा बख्तियोरोव्हनांनी कुणाची ख्यालीखुशाली विचारली नाही. बगलेतली मोठी काळी पर्स सावरत त्या सरळ भिंतीकडे गेल्या. पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यापाशी थांबून पुन्हा पहिल्याकडे आल्या.

“चित्रं चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. “पण प्रत्येकात हा कोपरा पुसट आहे. पाचही चित्रांत एकच कोपरा. काय पुसलंत?”

तुर्गुन-अकांच्या कपाळावर घामाचा पाट वाहू लागला. ते म्हणाले, ओल असेल. बाई म्हणाल्या की दोनशे वर्षं ओल एकाच बाजेवर बसत नसते. त्यांनी हातातलं पेन बंद केलं. ते टोपण बसल्याचा आवाज चायखान्यात सगळ्यांना ऐकू आला, आणि झेबिनिसोला वाटलं, संपलं. पाट जाईल, बाजा जातील, नवरा खाणीवरून परत येईल तेव्हा घर सापडायला नकाशा लागेल.

“मी स्वतः बघते,” बाई म्हणाल्या. “त्या कोपऱ्यातून रस्ता कसा दिसतो ते. जुळलं तर जुळलं.”

त्या बाजेकडे वळल्या. म्हातारा लगबगीनं उठला. त्याच्या वयाला न शोभणारी घाई होती ती. “बसा, बसा, बाईसाहेब,” तो म्हणाला, हातानं गादी झटकून दिली आणि बाजूला झाला. बाई बसल्या. पर्स मांडीवर घेतली. तुर्गुन-अकांनी जीव मुठीत धरून, आयुष्यातला सगळा मान एकवटून, पियाल्यात अर्धा चहा ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

म्हातारा समोवारापाशी झेबिनिसोकडे आला. जवळून त्याला ओल्या मातीचा वास येत होता.

“मीही मोजायलाच आलो होतो,” तो हळूच म्हणाला. “खानाचा मोजणीदार. वेशीचा रस्ता रुंद करायचा होता, हे खोपट पाडायचा हुकूम होता माझ्याकडे. म्हटलं, एक पियाला घेऊ आणि दोरी लावू. ह्या घरच्यांनी अर्धा दिला. अर्ध्यावर पाहुण्यानं उठायचं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अर्धा. रोज अर्धा. तुझ्या सासऱ्यानं, त्याच्या बापानं, त्याच्याही बापानं. चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही, बेटी.”

झेबिनिसोनं झोहिदला कडेवर सावरलं. तिनं विचारलं, आता कुठे जाणार?

“घरी,” तो म्हणाला. “जेवायला येतो म्हणून सांगून निघालो होतो.” त्यानं झोहिदच्या गालाला बोट लावलं, पोरगं खिदळलं, आणि म्हातारा पाट ओलांडून बाजाराच्या गर्दीत गेला. तिनं टरबुजांच्या गाडीपर्यंत त्याला पाहिलं. पुढे तो दिसला नाही.

मागे वळली तेव्हा रुखसोरा बख्तियोरोव्हनांचा तिसरा अर्धा पियाला चालू होता. इथली हवा चांगली आहे, असं त्या तुर्गुन-अकांना सांगत होत्या. कोपऱ्यातून रस्ता चित्रांशी तंतोतंत जुळत होता. दुपारी त्यांनी सही केली. चार वाजता ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पाचला पुन्हा वाजवला, सहाला तो स्वतःच येऊन शेजारच्या बाजेवर बसला. शुक्रवारी बाई कचेरीत जाण्याआधी आल्या आणि कचेरीतून सुटल्यावरही आल्या. शनिवारी कचेरी नसते. त्या दिवशी त्या मधे गेल्याच नाहीत. घरच्यांना वाईट वाटत होतं, पण पुढ्यात बसलेल्या पाहुणीला भरलेला पियाला कोण देणार? आणि खरं सांगायचं तर, सही अजून वरच्या साहेबांकडे जायची होती.

सोमवारी वरच्या साहेबांकडून फोन आला. सहीसोबत मूळ चित्रं हवीत, हात न लावलेली. झेबिनिसोनं झोहिदला निजवलं, लॅपटॉप उघडला आणि पाचही मूळ चित्रं ओळीनं काढली. पहिलं बघून तिनं डोळे चोळले. शेवटचं बघून ती सासऱ्यांना बोलवायला गेली.

शाईच्या चित्रात, खानाच्या काळातल्या उंटांच्या मागे, कोपऱ्यातल्या बाजेवर एक जाडजूड बाई बसली होती. मांडीवर पर्स. ट्रामच्या फोटोत त्या चष्म्यावरून फोटोवाल्याकडे बघत होत्या आणि फोटोवाल्याचं काहीतरी चुकलं होतं हे स्पष्ट दिसत होतं. भूकंपाच्या फोटोत त्या विटा उचलणाऱ्या माणसांना बोट दाखवून सांगत होत्या, ही इथे नाही, तिथे. म्हाताऱ्याचा कुठे मागमूस नव्हता.

तुर्गुन-अकांनी पाचही चित्रं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बाहेर बाजेवरून बाईंचा आवाज येत होता. त्या उमरजानला टोप्या कशा मांडाव्यात ते शिकवत होत्या.

“पाठवून दे,” ते म्हणाले.

“दादाजान, त्या स्वतःला ओळखतील ना.”

“ओळखू देत की.” तुर्गुन-अकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “ह्या शहरात चित्र खोटं आहे हे ओळखणारी एकच बाई होती, पोरी. आता ती कोणत्या तोंडानं म्हणणार?”